पिठाचा हात

गुरुवार, बेंबळी. संध्याकाळ.

आमची माँटेसरी शाळा आठवीपर्यंत आहे; सातवी-आठवीची पोरं शाळेचं शेत, स्वयंपाक, सगळं आपल्या सभेत ठरवतात. मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही, हा नियम माझाच.

आज ओंकार उठून म्हणाला, "रेश्माच्या हातची भाकरी आमच्यात चालत न्हाय. तिला शेळ्यांकडं लावा."

रेश्मा चुलीपाशीच होती, हात पिठानं भरलेले. मी ओठ दाबून बसले. कसला नियम? भित्री कुठली मी!

मत घेतलं. सगळ्यांचे हात वर गेले. त्यात एक पिठाचा होता.

तो पिठाचा हात डोळ्यांपुढून हलत नाही. आणि शाळा बघायला आलेल्या पाहुण्या बाई मला म्हणाल्या, "किती समंजस मुलं! एकमतानं ठरवलं."

मी त्यांना थँक्यू म्हणाले.