कळंबच्या बाजूला बघ

३ फेब्रुवारी, मंगळवार
रोझी टीचरचा पुन्हा फोन. गावच्या सणाच्या स्मरणिकेत माझा लेख हवाच. विषय तिनेच ठरवलाय: आवाजापेक्षा वेगाने बॉम्बर उडवतानाच्या आठवणी. वर सणाच्या दिवशी स्टेजवर सत्कार. शाल, नारळ. म्हटलं, बाई, नारळ तेवढा नको. तिला वाटलं गंमत करतोय.
बोळिंजच्या या चौथ्या मजल्यावर दिवसभर बसून चार ओळी लिहिल्या. खोडल्या.

५ फेब्रु., गुरु.
लेख तीन पानं झाला. एक भाग बरा जमलाय. खाली समुद्र, मागे बॉम्बचं ओझं नाही, सरावाची फेरी. वेग वाढत जातो आणि ध्वनीची हद्द ओलांडली तरी आत काहीच कळत नाही. काटा जरा थरथरतो, बस्स. धडाका होतो तो मागे, खालच्या माणसांना. वीस वर्षं ते विमान उडवलं, पण स्वतःचा आवाज मी कधी ऐकला नाही.
वाक्य लिहिलं. पेन ठेवून दिलं.

८ फेब्रु., रवि.
चर्चमधली मिस्सा संपल्यावर टीचरने स्मरणिकेची पानं दाखवली. 'गावची घरं आणि टोपणनावं'. हौसेने केलंय पोरीने. आमचं घर 'विमानवाले'. खाली दोनच ओळी सोडून, आमच्या वाडीतले नारळ पाडायचा त्या दामूदादाचं घर: 'बाटली'.
हे काढ म्हटलं. ती म्हणाली, अंकल, सगळे तसंच म्हणतात, आणि हे पान छापूनही झालं.
आता इथे तरी सरळ लिहितो. दामूदादाने उभ्या आयुष्यात थेंब घेतला नाही. बाप दारूने मेला म्हणून शपथच होती. त्या दिवशी आमच्या वाडीत माडावर होता, नारळ पाडत. मी सव्वीस वर्षांचा, शिंगं फुटलेली. आईला पत्र टाकलेलं: गुरुवारी दहाच्या सुमारास समुद्राकडे, कळंबच्या बाजूला बघ. हुकूम होता तो किनाऱ्यापासून लांब राहायचा. मी आत आलो. आगाशीचं तळं दिसेपर्यंत आत, तेही त्या वेगाने, अगदी कमी उंचीवरून. आईने बघावं म्हणून.
दामूदादा दचकला, हात सुटला, कंबर गेली. पुन्हा माडावर चढला नाही. गावाला वाटलं खदानीत सुरुंग उडाला. बाबांना पत्र माहीत होतं. त्यांनी संध्याकाळच्या आत बाजारात सांगून टाकलं, दामू प्यायला होता. माझी नोकरी वाचावी म्हणून.
लॉगबुकात मी लिहिलं: विशेष काही नाही.
पुढच्या सुट्टीत सगळं कळलं. मी काय केलं? त्याला कॅन्टीनचं एक ब्लँकेट नेऊन दिलं. लाज वाटते लिहायला.

१० फेब्रु., मंगळ.
मेरीकडे गेलो, गावातल्या घरी. बहीण असली तरी दरारा आईसारखा. तिला आजवर काहीच ठाऊक नव्हतं. ऐकून तिने सगळी भांडी विसळून पालथी घातली. मग म्हणाली, बाबांना जाऊन तीस वर्षं झाली, आता त्यांना खोटारडं ठरवणार? म्हटलं, दामूदादा जिवंत आहे. ती म्हणाली, त्या नावाची सवय झालीय त्याला.
चहा न घेता निघालो. तिनेही थांबवलं नाही.

११ फेब्रु., बुध.
गेलो एकदाचा. दामूदादा ओटीवर झावळ्यांचे हीर काढून खराटा बांधत होता. बाजूला काठी. वाटेत सगळी भाषा जुळवून नेलेली, तिथे एकच वाक्य निघालं. तो आवाज माझा होता, दामूदादा.
वर न बघता म्हणाला, "मना ठाव हाय, विन्सू."
मला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगायला लागलो तर हाताने थांबवलं.
"तुझी आई आलेली दवाखान्यात. पत्र दाखवलंन. बोलली, दामू, पोराची नोकरी जाईल, गप रव. पाय धरले माझे तिनं."
म्हणजे त्याला गप्प ठेवण्यात आईही होती. दर रविवारी ती त्याच्या घरी जेवण पाठवायची, मी ते तिचं पुण्य समजत होतो. आणि हा माणूस चव्वेचाळीस वर्षं 'बाटली' ऐकत बसला. त्याच्या मुलीचं एक स्थळ त्या नावापायी मोडलं होतं. तेही त्यानेच सांगितलं, पाऊसपाण्याचं बोलावं तसं.
मी रडलो. सत्तर वर्षांचा घोडा, त्याच्या ओटीवर. त्याने खराटा बांधून पुरा केला.
विचारलं, आवाज कसा होता? म्हणाला, माड फाटला असं वाटलं.
म्हटलं, सगळं लेखात लिहितो. त्यावर मात्र तो चिडला.
"कागद कोन वाचतंय? माईकवर बोल. ज्या गावानं नाव ठेवलंन, त्याच्या कानात जाऊ दे."

१२ फेब्रु., गुरु.
लेख मागे घेतला. टीचर नाराज. म्हणाली, सत्काराला उत्तर म्हणून दोन मिनिटं बोला. दोन मिनिटं पुरतील. काल ओटीवर एका वाक्याला अर्धा तास लागला होता.

१४ फेब्रु., शनि.
आरशासमोर बोलून बघितलं. 'बाबांनी' या शब्दाशी अडकतो. 'आमच्या घरातून' म्हणून बघितलं, ते गुळगुळीत वाटतं. डरपोक तो डरपोकच. 'बाबांनी'च म्हणायचं.
मेरीचा निरोप: ती उद्या सणाला येणार नाही.

१५ फेब्रु., रवि. सकाळी
गणवेशाचा कोट काढला, पदकं लावली, पुन्हा उतरवली. साधा शर्टच घातलाय.
आत्ताच दामूदादाच्या नातीचा फोन. आजोबा पहाटेपासून पांढरा शर्ट घालून बसलेत, विचारतात, कुठची खुर्ची धरू? पहिल्या रांगेतली, म्हटलं. मागून त्याचा आवाज ऐकू आला, विन्सूला सांग, मी आलो नाही तवर चालू करू नको.
शाल घ्यायच्या आधी बोलायचं. एकदा ती खांद्यावर पडली की माझ्याने होणार नाही, मी ओळखतो स्वतःला. पण टीचरच्या यादीत सत्कार आधी आहे, भाषण नंतर.
खाली रिक्षा आलीय.