सतरा नंबरचा अंगठा

२१ जुलै

सुनंदे, विसरली असशील म्हणून आठवण करून देते. मुलुंडला तुझी एक आई आहे, आणि तिच्याकडे तू तुझी एक मुलगी ठेवून गेलीस. लोक छत्री विसरतात तशी. नाशिकला त्या पेशंट आजोबांच्या गोळ्या तुला घड्याळाच्या काट्यावर आठवतात. आम्हाला फोन करायचं तेवढं राहून जातं.

म्हणून आजपासून वही. मी बोलणार, प्रणाली लिहिणार, तू सुट्टीवर आलीस की वाचायची. चहाच्या वेळेला बसतो. स्वतःचं नाव ती पुरतं लिहीत नाही, नुसतं प्र. करते. म्हणे शाई वाचते.

(शाई नाही, वेळ. — प्र.)

बघ, मध्येच आपलं घुसवते आणि वर मला वाचून दाखवते.

२४ जुलै

बातमी. शाळेत जिन्याखाली फळा आहे, त्याची प्र. संपादक झाली. दर शुक्रवारी चार बातम्या लिहायच्या. दहावीतल्या पोरीला ही कामं कशाला, असं मी म्हटलं नाही. मनात म्हटलं.

या आठवड्याच्या बातम्या: पाण्याचा नवा फिल्टर आला, नळ यायचाय. कबड्डीत मुली जिंकल्या, मुलगे हरले. सायन्सच्या सरांना मतदार याद्यांच्या कामाला धाडलं, प्रयोगशाळेला कुलूप. मी विचारलं, ही बातमी की तक्रार? म्हणाली, खरं असलं की बातमी.

गेटवर मोठा बॅनर आहे. दहावीचा निकाल सलग शंभर टक्के, असं त्यावर लिहिलंय म्हणे. मला फोटो तेवढा दिसतो. मुख्याध्यापकांचा. पास झालेली पोरं त्यात कुठे नाहीत.

२८ जुलै

तांदळाच्या डब्यात हात घातला तर कागद लागला. गणिताची चाचणी. मला अक्षर कळत नाही, पण लाल कळतं. सगळा पेपर लाल.

विचारलं तर म्हणाली, वीसपैकी चार. गणिताच्या साळवी बाई वर्गात बोलल्या म्हणे, "फळ्यावर मोत्यासारखं लिहितेस आणि पेपर कोरा देतेस." मग एक तास रडली. मग भात खाल्ला, दोनदा वाढून घेतला.

तिचं एकच चाललंय. दहावी या शाळेतून सुटायची, इथल्याच कॉलेजात अकरावी, पुढे पेपरात काम. "तेवढं एक वर्ष पार पडू दे आजी, गणिताचं मी बघते." बघते कशी, ते नाही सांगितलं. तू पण लहानपणी असंच म्हणायचीस.

(मी एक तास रडले नाही. — प्र.)

१ ऑगस्ट

उद्या पालकसभा. प्र. म्हणते, मी पण येते, कागदबिगद असले तर वाचायला. दोनदा म्हणाली. मी म्हटलं, बावीस वर्षं गाळ्यात बिस्किटांचं पॅकिंग केलं, रोज हजेरीला अंगठा दिला, तेव्हा कोण होतं वाचायला? तू घरी बस. गणित कर.

काहीतरी सांगायचं होतं तिला. मला साडीला इस्त्री करायची होती.

२ ऑगस्ट

लिंबू रंगाची साडी नेसले. पहिल्या बाकावर बसले. मुख्याध्यापक अर्धा तास बोलले, त्यातलं शंभर टक्के तेवढं कळलं, ते चार वेळा आलं.

मग सह्या. बाकीच्यांना एक कागद, आम्हा पाच-सहा जणांना वेगळा. ऑफिसातले नाईक म्हणाले, आजी, हे जादा तासांचं आणि फॉर्मचं आहे, मुलीच्या भल्याचं. साळवी बाई बाजूला उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "घरी न्या आजी, प्रणालीकडून वाचून घ्या. सोमवारी आणून द्या."

माझ्या मागे रांग. एक बाई पर्समधून स्वतःचं पेन काढून उभी. मला काय झालं कोण जाणे. म्हटलं, "आमच्यात वाचून घ्यायची पद्धत नाही बाई, विश्वास ठेवायची आहे." सगळे हसले. पेनवाली पण हसली. बरं वाटलं गं.

शाईचं पॅड सुकलेलं, नाईकांनी पाणी शिंपडलं. रेघ न् रेघ उठली. नाईक म्हणाले, झकास.

हे सगळं मी हातवारे करून सांगतेय आणि ही पोरगी पेन खाली ठेवून बसलीय. लिही ना गं.

(कुठला फॉर्म, आजी? — प्र.)

४ ऑगस्ट

हजेरीत आज तिचं नाव घेतलं नाही. हिने हात वर केला. साळवी बाईंनी आधी रजिस्टर बघितलं, मग खिडकीबाहेर.

नाईकांनी तिला कागदाची झेरॉक्स दिली. घरी येऊन दारातच उभी राहिली, पाठीवर दप्तर तसंच, आणि वाचायला लागली. घरच्या अडचणींमुळे माझी नात रोज शाळेत येऊ शकत नाही. तरी तिचं नाव पटावरून कमी करून दाखला द्यावा. ती सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसेल. पालकाची सही. सहीच्या जागी माझा अंगठा.

मी म्हटलं पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. तेच होतं.

सतरा नंबर म्हणजे काय, ते तिने सांगितलं. जी पोरं नापास होतील असं वाटतं त्यांना शाळा आधीच काढते. त्यांनी घरी बसून बाहेरून परीक्षा द्यायची. पडली तर शाळेच्या निकालात धरत नाहीत. म्हणजे बॅनर तसाच राहतो.

घरच्या अडचणी म्हणे. कुठल्या, त्या तरी सांगायच्या. घरात अडचण एकच निघाली, ती मी.

"आजी, बाई तुला सांगत होत्या ना, घरी न्या म्हणून." एवढंच बोलली. आवाज नाही चढवला. चढवला असता तर मी पण चढवला असता, भांडून मोकळ्या झालो असतो.

७ ऑगस्ट

दोन दिवस वही बंद. आज आपणच घेऊन बसली. म्हणाली, आईला कळायला हवं म्हणून लिहिते.

सकाळी शाळेत गेले. प्र. युनिफॉर्ममध्ये बरोबर. वॉचमनने तिला गेटवर थांबवलं, पटावर नाव नाही तर आत नाही. त्याच शाळेत ती पाचवीपासून आहे, याच वॉचमनने तिला पाण्याची बाटली विसरली म्हणून कितीदा हाक मारली असेल. ती बॅनरखाली उभी राहिली. मी आत.

मुख्याध्यापकांनी बसायला खुर्ची दिली. माणूस वाईट बोलत नाही. म्हटलं, साहेब, मला माहीत नव्हतं कागदात काय ते. तुमच्या माणसाने जादा तास सांगितलं. त्यांनी नाईकांना बोलावलं. नाईक म्हणाले, मी फॉर्मचं पण सांगितलं होतं. सांगितलं होतं की. फॉर्म हा शब्द मी ऐकला होता.

साहेबांनी कागद माझ्यापुढे धरला.

"आजी, अंगठा तुमचाच ना?"

म्हटलं, माझाच.

"मग?"

बाजारात मी भल्याभल्यांची तोंडं बंद करते, तुला माहीत आहे. तिथे खुर्चीत बसून पदराने अंगठा पुसत होते. शाई केव्हाच गेली होती.

शेवटी म्हणाले, मुलीच्या आईने स्वतः येऊन, समोर सही करून, अर्ज मागे घेतला तर विचार करू. वीस तारखेच्या आत. वीसला यादी बोर्डाकडे जाते. विचार करू म्हणाले. घेऊ नाही म्हणाले.

९ ऑगस्ट

प्र. ची मैत्रीण सायली आली होती. तिने सांगितलं ते लिहून ठेव म्हटलं तर प्र. चं पेन थांबलं. मग लिहायला लागली.

सभेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, फळ्यावर चौथी बातमी ही होती: दहावीच्या पटावरून यंदा पाच नावे कमी होणार असे समजते. दुपारपर्यंत फळा पुसला. आता फळ्यावर दुसऱ्या कुणाचं तरी अक्षर आहे, आणि सुविचार.

सायली म्हणते, तेव्हा खरंच पाचच होती. सहावं नाव सभेच्या दिवशी आलं.

म्हणजे बघ. पोरीला सगळं ठाऊक होतं. म्हणून दोनदा म्हणाली, मी येते. आणि मी साडीला इस्त्री करत बसले. मला आधी का नाही सांगितलंस, असं विचारणार होते. नाही विचारलं. तिने सांगितलं असतं तरी मी म्हटलं असतं, तू गणित कर.

चारचं गणित आहेच. ते मी नाकारत नाही. पण चार मार्कांवाली आणखी पण असतील वर्गात. ती बातम्या लिहीत नाहीत.

१२ ऑगस्ट

तुझा फोन. तू काय बोललीस ते तुला आठवणार नाही म्हणून इथे ठेवते.

म्हणालीस, पेशंटला सोडून एक दिवस जरी गेले तर ब्यूरोवाले दुसरी बाई पाठवतील, मग हे काम गेलं. म्हणालीस, सही करून कुरिअरने पाठवू का? मी म्हटलं, समोर सही पाहिजे. म्हणालीस, "आई, तू कशाला दिलास गं अंगठा?"

सगळी मला हेच विचारता. मी पण विचारते.

तुला शाळेत घातलं तेव्हा तुझे बाबा म्हणाले होते, पोरगी शिकून काय करणार. मी म्हटलं, सही करील. एवढीच माझी उडी. ती सही आता नाशिकला आहे आणि अंगठा इथे.

शेवटी म्हणालीस, बघते. फोन ठेवलास.

१४ ऑगस्ट

भाजीबाजारात साळवी बाई भेटल्या. मला टाळून पलीकडे जात होत्या, मीच हाक मारली. हातात कोथिंबीर घेऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आजी, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो बाई. सांगितलंत. हळू सांगितलंत."

त्यांचे डोळे भरले. मला त्यांची काही कीव आली नाही. घरी आल्यावर आली थोडी. त्यांनाही नोकरी आहे. पण मग वाटलं, तिथे एवढे लिहिता-वाचता येणारे उभे होते, त्यातल्या एकानेही तो कागद मोठ्याने वाचला नाही. मी एकटीच अडाणी नव्हते त्या खोलीत.

जाताना म्हणाल्या, तिला संध्याकाळी माझ्याकडे पाठवा, गणित शिकवते, शाळेत कळू देऊ नका. प्र. ला सांगितलं. तिने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

१५ ऑगस्ट

सकाळी युनिफॉर्म धुऊन इस्त्री केला तिने. घातला नाही. खुर्चीवर टाकून समोर बसली. शाळेतलं झेंडावंदन आमच्या गल्लीपर्यंत ऐकू येतं. लाऊडस्पीकरवर बातम्या पण वाचल्या कुणीतरी, शाळेच्या. अडखळत वाचत होती पोरगी. प्र. चे ओठ हलत होते. चुकलेला शब्द ती इथून नीट करत होती.

मग पोरं खाऊ घेऊन घरी जाताना दिसली. हिने खिडकी लावून घेतली.

हल्ली मी सांगते, ती लिहिते, पण वाचून दाखव म्हणायची माझी हिंमत होत नाही. मधे मधे आपलं घुसवायची, ते पण बंद झालं. की घुसवते आणि सांगत नाही? काय लिहिते तीच जाणे. रोज नव्याने अंगठाच देतेय मी, असं समज.

१७ ऑगस्ट

रविवार. काल संध्याकाळी ती साळवी बाईंकडे गेली होती. कुठे गेली होतीस विचारलं नाही. वहीत आकडे दिसले, आणि लाल कमी होतं.

आज हे पान फाडायचं नाही, फोटो काढून तुला पाठवायचा, असं तिला सांगितलंय. पाठवते म्हणाली. एवढं मोठं वाक्य चार दिवसांत पहिलं.

सुनंदे, उद्या सोमवार. तुझ्या हातात दोन दिवस आहेत. गाडी कितीला, सुट्टी कशी, ते मी सांगत नाही, माझा सल्ला कुणी घेऊ नये असे दिवस आहेत. तू सही केलीस तरी ते घेतील की नाही माहीत नाही. मुख्याध्यापक तेव्हा पण विचार करू म्हणतील. पण निदान तो कागद कुणीतरी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचेल.

एक सांगायचं राहिलं. पोरगी माझ्या हातचं खात नाही. भांडत नाही, ताट पुढे ओढते, दोन घास चिवडते, झाकून ठेवते. परवापासून नुसता चहा आणि पाव. मी पण मग तेच खाते, पाव चहात बुडवून. ते तिने बघितलंय.

तर तू येणार असशील तर काही आणू नकोस, हात हलवत ये. येणार नसशील तर चिवडा पाठव, चांगला तिखट, कडक, भरपूर शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप घातलेला. पाकिटावर तिचं नाव घाल, पुरतं. मऊ काही पाठवू नकोस. माझ्या तोंडात दात नाहीत हे तिला माहीत आहे. मऊ काही आलं तर ते ती माझ्यापुढे ठेवील, एक शब्द न बोलता, आणि आपण उपाशी राहील.