चौकटीच्या डाव्या कडेला

२ फेब्रुवारी, सोमवार
आले एकदाची! दोन बॅगा, एक कॅमेरा, तीन लेन्स आणि ताईने जबरदस्तीने गळ्यात मारलेली जाडजूड रजई. तीन मजले चढताना जीव मेटाकुटीला आला, पण स्टुडिओचं दार उघडलं आणि सगळा शीण पळाला. उजवीकडची अख्खी भिंत म्हणजे एकच खिडकी! उत्तरेची, जमिनीपासून छतापर्यंत जाड काच, न उघडणारी. ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो. मऊ आणि शांत. पाच वर्षं लग्नांमध्ये लोकांच्या डोळ्यांत फ्लॅश मारून घामेजलेली कपाळं टिपली. आता असल्या उजेडात चेहरे काढायचे! ताईला फोन करून सांगितलं की मी जिंकले. ती म्हणाली, आधी जेव.

मालक ऐंशीचे आहेत. हात थरथरतात, म्हणून माणूस हवं होतं. सगळी गल्ली त्यांना काका म्हणते, म्हणून मीही. राहतात इथंच, खिडकीलगतच्या छोट्या खोलीत. तिच्या मागची खोली मला दिली आहे. डावीकडे कपाट, कपाटापलीकडे बाहेरचं दार. बस, एवढंच जग.

काकांनी दोनच नियम सांगितले. या घरात फ्लॅश नाही. आणि फोटोच्या डाव्या बाजूला जागा सोडायची नाही. लांबची लेन्स लावायची, चेहऱ्याने चौकट भरायची. पहिला नियम मला आवडला. दुसरा म्हणजे म्हातारपणाचं खूळ असावं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
पहिलं गिऱ्हाईक. निवृत्त शाळामास्तरीण, सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. निरोप समारंभाच्या फोटोत डोळे मिटलेले आले, आता एक तरी उघड्या डोळ्यांचा फोटो हवा म्हणाल्या. त्यांना खिडकीपासून दोन हातांवर बसवलं, सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरला. पंच्याऐंशीच्या लेन्सने असा सुरेख चेहरा आला! प्रत्येक डोळ्यात एक छोटी खिडकी.

पण बाई विणकाम घेऊन आल्या होत्या आणि त्यांचे हात चेहऱ्यापेक्षा बोलके होते. म्हणून काकांची नजर चुकवून पस्तीसची, जास्त जागा टिपणारी लेन्स लावली आणि एक मोठी चौकट घेतली. कॉम्प्युटरवर पाहिलं तर डावीकडे, कपाटापाशी, एक करडी बाही. कुणाचा तरी कोट टांगलेला असेल. कापून टाकली आणि प्रिंट दिली.

जाता जाता लिहून ठेवते. काकांच्या घरच्यांचा एक जुना फोटो भिंतीवर आहे. आई, वडील आणि विशीतले काका. इतका वाईट क्रॉप मी जन्मात पाहिला नाही. आईचा हात बरोबर मनगटात कापलाय! सांध्यावर कधी कापू नये, हे नवशिक्यालाही कळतं. आणि ती माउली कॅमेऱ्याकडे बघतच नाही. डावीकडे, चौकटीबाहेर बघते आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार
खालच्या मजल्यावरचा शिंपी आणि त्याची बायको आली होती. मोठी चौकट घेतली. डावीकडे एक मुलगी उभी आहे. पाठमोरी. करडा झगा, एक वेणी. खोलीत आम्ही तिघंच होतो. कपाटापाशी कोट नाही, खुंटीही नाही. आज नीट पाहिलं.

क्रॉप केलं.

११ फेब्रुवारी, बुधवार
रिकामं स्टूल ठेवून दिवसभर फोटो काढले. घाबरून बसण्यापेक्षा मोजमाप केलेलं बरं. पस्तीसने ती लांब, भिंतीशी दिसते. मागे सरकून पंच्याऐंशी लावली की स्टुलाला खेटून. इथपर्यंत ठीक, लेन्सचा तो गुणच आहे.

पण दुसरी गोष्ट लेन्सची नाही. मी तिला कापते आणि पुढच्या फोटोत ती एक पाऊल आत असते. या वेळी कॅमेरा जागचा हललेला नाही, तिपाईच्या पायांभोवती खडूने खुणा केल्या आहेत. सात वेळा कापलं. सात पावलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
बाई प्रिंट घेऊन आल्या. हसतच म्हणाल्या की अगं, माझ्याबरोबर ही कोण काढलीस, जरा जास्तच अंगाशी आली आहे. मी दिलेल्या प्रिंटमध्ये फक्त बाई होत्या, मी शपथेवर सांगेन. आता प्रिंटच्या डाव्या बाजूला, त्यांच्या खांद्यामागे वेणी आहे, आणि कानाची पाळी. ती मान वळवते आहे.

मी प्रिंट खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिली, तेव्हा बाईंचं हसू मावळलं. मग म्हणाल्या की कालपासून डावा हात बधिर आहे, सुई धरवत नाही. डॉक्टरांना काही सापडलं नाही. तो हात मी हातात घेतला. थंड नव्हता. पण मी दाबला तेव्हा त्यांना कळलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार
काकांसमोर सगळे फोटो मांडले. बराच वेळ ते एकेक बघत राहिले. मग म्हणाले की वेणी आईच घालायची तिची.

ती त्यांची धाकटी बहीण. घरात नावाने कुणी हाक मारत नसे, नुसती ‘धाकटी’. तिला फिट्स यायच्या. काकांचं लग्न ठरत होतं आणि मुलीकडच्यांनी घरच्यांचा फोटो मागितला. फोटो काढला तेव्हा आईने धाकटीचा हात धरला होता. वडिलांनी काकांच्याच हातात कात्री दिली. काकांनी कापली. एकुलता एक मुलगा, असं सांगितलं गेलं. धाकटीला ती पट्टी केराच्या टोपलीत सापडली. ती घेऊन दादाकडे आली आणि परत चिकटव म्हणाली. काका म्हणाले, लग्न होऊ दे, मग चिकटवतो. पट्टी तिच्याकडून काढून घेतली आणि चुलीत घातली.

लग्नाच्या दिवशी पाहुण्यांना दिसू नये म्हणून तिला मागच्या खोलीत कोंडलं होतं. तिथं फिट आली. गाण्याच्या आवाजात दारावरच्या थापा कुणाला ऐकू आल्या नाहीत. पंधरा वर्षांची होती.

मागची खोली. मी जिथं झोपते ती.

काका रडले नाहीत. एवढंच म्हणाले की साठ वर्षं डावी बाजू कापतोय पोरी, मला सवय झाली आहे. हे ऐकून मला तिच्यापेक्षा त्यांचीच जास्त भीती वाटली.

ताई फोनवर ओरडली की आत्ताच्या आत्ता बॅग भर. पण बाईंचा हात? तो फोटो मी कापला होता.

१६ फेब्रुवारी, सोमवार
झालं. सकाळी दहाला, उजेड सगळ्यात सारखा असतो तेव्हा. काकांना खुर्चीत बसवलं. त्यांच्या बाजूला, चौकटीच्या डाव्या कडेला, एका माणसापुरती जागा सोडली. पन्नासची लेन्स लावली, डोळ्यांच्या उंचीवर. नुसत्या डोळ्यांना दिसतं त्याच्या जवळपास जाणारी. मग मोठ्याने सांगितलं की आज काही कापणार नाही, नीट उभी राहा.

काका पुटपुटले, ये गं.

फोटोत ती आहे. समोर तोंड करून. दादाच्या खुर्चीच्या पाठीवर हात. फोटोत चांगलं दिसायचं म्हणून ओठ घट्ट मिटलेत, तरी हसू निसटलंय. किती साधी मुलगी! मी कॉम्प्युटरसमोर बसून हमसून हमसून रडले. पूर्ण चौकटीची प्रिंट काढली, चारी बाजूंनी पांढरी किनार ठेवली, काकांच्या हाती दिली.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. सुई टोचली आणि दुखलं! आनंदाने सांगत होत्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
प्रिंट भिंतीवर आहे. काका एकटे. डावीकडची किनार नाही.

विचारलं तर म्हणाले की रविवारी नातीला, मुलाच्या मुलीला, बघायला मंडळी इथंच येणार आहेत. ही मुलगी कोण, असं विचारलं तर काय सांगायचं? आजारपण रक्तात आहे म्हणतील. नातीचं झालं की पुन्हा चिकटवतो म्हणाले. पट्टी कुठे आहे विचारलं. शेगडीकडे बघितलं नुसतं.

मी त्यांच्यावर ओरडले. वयाचा मान ठेवला नाही. कॉम्प्युटरवर मूळ फोटो उघडला, दुसरी प्रिंट काढावी म्हणून. त्यातही काका एकटेच. कॅमेऱ्यातही.

ताईला सांगितलं. ती शुक्रवारी न्यायला येते आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार
सकाळी कॅमेऱ्यातून पाहिलं तर चौकटीत कपाटाचा अर्धाच भाग. वाटलं कॅमेरा बिघडला. डोळा बाजूला केला. तसंच.

अंधार नाही. धुकं नाही. खोली तिथपर्यंत आहे आणि मग नाही. कडा सरळ आहे, कटरने मारल्यासारखी.

काका कपाटापाशी चष्मा शोधत होते. डाव्या हाताने चाचपतो आहे असं त्यांना वाटत होतं. त्यांचा डावा हात कोपराच्या खाली नाही. रक्त नाही. दुखत नाही. चष्मा सापडत नाही म्हणून माझ्यावरच चिडले.

मी सांगितलं नाही. कसं सांगायचं? दार अजून आहे का, ते बघायला हवं होतं आधी. दार कपाटाच्या पलीकडे.

बुधवार, दुपार
दार नाही. फोन कपाटात होता.

काकांची काठी पुढे केली. कडेपलीकडे गेलेली काठी परत आली नाही. हातात दीड वीत उरली.

१९, गुरुवार
स्टुलाने खिडकी फोडायला गेले. काचेला चरा नाही. खाली रस्ता दिसतो, बाई बाजाराची पिशवी घेऊन चालल्या होत्या, डाव्या हातात. त्या वर बघेनात. मी ओरडत राहिले —

काकांना खांदा नाही. आता कळलं त्यांना. मला म्हणाले, तिला सांग, चिकटवतो. मी म्हटलं, तुम्ही सांगा. तर तिचं नाव आठवेना. सकाळभर आठवत बसले. दादा म्हणायची मला, दादा म्हणायची, एवढंच —

दुपारी त्यांचा आवाज अर्ध्यातून यायला लागला —

शुक्रवार
खुर्ची नाही. काका नाहीत.

कडा हळू येते. घाई नाही तिला. मी खिडकीला पाठ लावून बसले आहे, रजई पायांवर. उजेड छान आहे. असल्या उजेडात कुणाचाही चेहरा —

तिला सांगितलं मी, मी कापलं, माझं चुकलं. माफी मागितली. उत्तर नाही. ती दिसतही नाही आता. मला वाटतं ती कॅमेऱ्याच्या या बाजूला —

वहीचा समास गेला. अक्षरं आतून सुरू करते आहे —

जिन्यावर पाय वाजतात. ताई. हाक मारते आहे, माझ्या नावाने. डावीकडून. ताई नको, दार उघडू नकोस, तिथं काही —

कडी वाजली. ती आत पाऊल