अध्यक्षबाईंच्या टेबलावरची साडी

दिल्ली, मंगळवार

अण्णा,

मोठा हायस म्हणून नमस्कार करते, मनातनं न्हाय.

आईला वाचून दाखवायचं तेवढं आधी लिहिते: तब्येत बरी हाय, खोली चांगली हाय, जेवणात भात मिळतो. पुढचं तू एकट्यानं वाच.

काल मुलाखत झाली. विज्ञानाच्या संशोधनासाठी सरकारी पैसा कुणाला द्यायचा, ते बघणाऱ्या अधिकाऱ्याची ही जागा. मी लई छान बोलले. शेवटी अध्यक्षबाईंनी विचारलं, "अर्जदाराच्या घरनं तुम्हाला भेट आली तर?"

"अर्ज बाद करीन," मी ताठ मानेनं म्हणाले.

तवा त्यांनी एक डबा उघडून टेबलावर साडी ठेवली. डब्यावर आपल्या वडगावच्या दुकानाचं नाव, आत तुझं कार्ड. माझा अर्ज मीच बाद केलता.

शेटजीकडनं विणायचं काम हवं असलं की आधी त्याच्या घरी साडी पोचवायची, ही आपल्या घरची रीत. ती तू दिल्लीला कुरिअर केलीस! मला विचारायला तोंड नव्हतं तुला? एवढं शिकले ते काय तुझ्या साडीच्या घडीत घालायला? फोन करू नको, उचलणार न्हाय.

साडी बाईंनी माझ्याच हातात दिली. काठ आईनं विणलाय, बघितल्याबरोबर ओळखला. तिचा गुडघा कसा हाय? डॉक्टरकडं नेलंस का?

तिला यातलं एक अक्षर सांगू नको. बाईंना साडी लई आवडली, एवढंच सांग.

नाइलाजानं तुझीच,
स्वरूपा