अळणी श्रावण

२ ऑगस्ट
विनूच्या पोटरीत आज परत गोळा. अस्नोड्याच्या चढावर उतरून पाय चोळत बसला म्हणे. मुळगाव ते पेडणे, काजूच्या कारखान्यात जाऊन-येऊन. त्याच्या पाळीला बस नाही. सायकल ह्यांचीच. तेल कोमट करून चोळलं. हाताखाली दगड.
"बाबांची सायकल, बाबांचा गोळा," म्हणून हसला. मी हात धुवायला उठले.
श्रावण लागल्यापासून अळणी जेवतो. नोकरी कायम व्हावी म्हणून. "बाबांनी पाळला होता ना."

४ ऑगस्ट
सायकलवाल्या बाबुसोकडे. "वहिनी, हो सायकल चलयता की भात मळता? गुडघे हनुवटीक लागतात!" सीट ह्यांच्या उंचीची. विनू ताडमाड, पण हलवू देत नव्हता. बाबुसोने न विचारता सीट चार बोटं वर केली. दांड्यावर जुन्या जागी गंजाची रेघ.

७ ऑगस्ट
वाचनालयातून आरोग्याचं पुस्तक आणलं. शाळा तिसरीपर्यंत, पुढचं वाचन माझं मीच शिकले, म्हणून एकेक ओळ दोनदा. निघण्यापूर्वी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. तहान लागायच्या आधी पाणी, थोडं थोडं. घाम फार जात असेल तर पाण्यात मीठ-साखर. मीठ कमी पडल्यास गोळे येऊ शकतात.
'शकतात' लिहिलंय. 'येतात' नाही. या एका शब्दावर दुपार गेली.

८ ऑगस्ट
अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नाही, इथे लिहिते.
नवस माझा होता. ह्यांची खाणीच्या गॅरेजातली नोकरी कायम व्हावी म्हणून श्रावणभर घर अळणी. मिठाची बरणी वरच्या फळीवर. हे कुरकुरले नाहीत. एकदाच म्हणाले, "पेज घशाखाली जायना गो." शेवटी शेवटी रोज पोटरीत गोळे यायचे. त्या सकाळी उंबऱ्यावर बसून पोटरी दाबत होते. मी म्हटलं, "चारच दिवस उरलेत."
उतारावर सायकलवर पाय धरून कलले आणि बसखाली गेले, असं बसच्या ड्रायव्हरने सांगितलं. लोक बसला दोष देतात. विनूला तेवढंच माहीत.
तेव्हापासून मी श्रावणात मीठ खाते. मुद्दाम. कुणी विचारलं नाही.

११ ऑगस्ट
विनूला पुस्तक वाचून दाखवलं. भिंतीला टेकून पाय ताणले, तेवढं केलं. मिठाच्या पाण्याला नाही म्हणाला.
"व्रतात मीठ? तूच तर तेव्हा पाळायला लावलंस."
"पुस्तकात लिहिलंय रे."
"पुस्तकात बाबा आहेत काय?"
उत्तर तोंडाशी आलं होतं. तव्यावर पावाचे उंडे भाजायला ठेवले होते, ते करपले.

१४ ऑगस्ट
सीट वर, पाय ताणलेले, पाणी प्यालेला, तरी आज पुलाअलीकडे पडला. कोपर सोललं. मागून टेम्पो होता, बाजूने गेला. "काही झालं नाही गो आई." श्रावणाचे अजून बरेच दिवस उरलेत.

१६ ऑगस्ट
सकाळी पेजेत मीठ घातलं. विनूने एक घोट घेतला.
"आई, मीठ पडलंय."
"पडलं नाही. घातलंय."
"व्रत मोडलंस माझं?"
"होय."
"का?"
"संध्याकाळी सांगते. आधी पेज घे."
वाटी तशीच ठेवून उठला. मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली पुढे केली, त्यात काय आहे तेही सांगितलं. त्याने ती सायकलच्या हँडलला अडकवली. "नेतो," म्हणाला. पितो म्हणाला नाही.

सहाला येतो. आता साडेपाच. कसं सांगायचं ते मागच्या पानावर चारदा लिहून खोडलं. पहिलं वाक्य तेवढं राहिलंय, नवस माझा होता. त्याच्यापुढे काही सुचत नाही. पायरीवर जाऊन बसते.