काष्ठमौनाच्या दिवशीचा विमा आणि त्याचा परतावा

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
दक्षिणकाठ नागरी सहकारी बँक मर्यादित,
मुख्य कार्यालय, सांगली.

विषय : परतावा कमी मिळाला म्हणून नव्हे, तर मिळाला म्हणून हरकत घेणेबाबत.

संदर्भ : १) माझ्या नावाची तक्रार, दि. २१ जुलै २०२५.
२) आपले पत्र, दि. १८ ऑगस्ट २०२५.

महोदय,

मी आपल्या माधवनगर शाखेची खातेदार आहे. अपघात विम्यापोटी माझ्या खात्यातून कापलेल्या रु. ३५४ पैकी रु. ३०१ आपण परत जमा केले. परतावा मान्य नसल्यास तीस दिवसांत लेखी हरकत घ्यावी, असे आपल्या पत्रात आहे. त्यानुसार हरकत घेत आहे.

१. माझा भाचा जिनेश याचे म्हणणे, राहिलेल्या त्रेपन्न रुपयांसाठी भांडावे. "आत्या, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे," असे तो म्हणतो. मलाही ते दोन दिवस पटले होते, हे लपवीत नाही. पण त्याच पत्राच्या शेवटी "खातेदारास अंधारात ठेवून विमा उतरविल्याबद्दल संबंधित कर्मचाऱ्याची कोयनानगर शाखेत बदली करण्यात आली आहे" असे वाचले आणि त्रेपन्न रुपयांचा विषय सोडला. मला कोणीही अंधारात ठेवले नव्हते.

२. घडले ते असे. दि. ९ जुलै रोजी चतुर्दशी होती. चातुर्मासात दर अष्टमी-चतुर्दशीला दुपारपर्यंत काष्ठमौन पाळण्याचा माझा नियम आहे. काष्ठमौन म्हणजे बोलायचे नाही, खूण करायची नाही, लिहूनही दाखवायचे नाही. केवायसीची मुदत त्याच दिवशी संपत होती म्हणून शाखेत गेले. सही करणे हे बोलणे नव्हे, असे मीच माझ्या सोयीने ठरविले होते.

काउंटरवर कु. अक्षता होती. तिने अर्ज भरता भरता विम्याच्या चौकटीत खूण केली व मला विचारले. मी गप्प. "काकू, नको असेल तर नुसतं बोट हलवा, मी खूण काढते," असेही ती म्हणाली. मी तशीच उभी. रांगेतून कोणी ओरडले, "आवं, पुढं सरका की! का पुतळा बसवायचा हाय हितं?" मग तिने कागद पुढे केला. ती खूण मला स्वच्छ दिसली होती. विमा नको होता, तरी मी सही केली. उद्या येऊन नको म्हणून सांगू, असा विचार केला, आणि उद्या गेले नाही. काल गप्प का होतात असे विचारले तर काय सांगू, याची लाज वाटली.

३. पैसे कापल्याचा संदेश जिनेशने पाहिला. त्याने विचारले तेव्हा मी म्हणाले, "मी काही हो म्हटलं नव्हतं." वाक्य अक्षरशः खरे आहे. त्यावरून त्याने काय समजूत करून घेतली हे मला कळत होते. तरी त्याने लिहून आणलेल्या तक्रारीवर सही केली. रोज प्रतिक्रमणाला, म्हणजे दिवसभरातल्या चुका कबूल करायला, बसणाऱ्या बाईने हे केले. आम्हा जैनांच्या दशलक्षण पर्वातला उत्तम सत्याचा दिवस नुकताच झाला. त्या दिवशी मंदिरात मला मान वर करवली नाही.

४. मी क्षमा मागायला अक्षताच्या घरी गेले. ती बदलीच्या गावी होती. तिची आई मुक्ताबाई यांचे आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस असते व लेकच नेत-आणत असे. आता शेजारीण सवड झाली तर नेते. मागच्या मंगळवारी सवड झाली नाही. सगळे ऐकून मुक्ताबाई एवढेच म्हणाल्या, "व्रत तुमचं, आन् उपास माझ्या पोरीला व्हय?"

तरी त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. दिवेलागण होऊन गेली होती आणि सूर्यास्तानंतर मी पाणी घेत नाही. माझा हात पुढे येईना. त्यांचा चेहरा उतरला. आमच्या घरचे म्हणून घेत नाही, असे त्यांना वाटले हे मला दिसले. त्या वेळी मात्र मी तोंड उघडले व नियम सांगितला. त्या म्हणाल्या, "मग सकाळी या की. पाणी तेच हाय." सकाळी जाऊन प्याले. एवढे दोन शब्द काउंटरवर बोलायला मला काय झाले होते, हे मी अजून स्वतःला विचारते आहे.

५. परताव्याचे रु. ३०१ शाखेत परत भरायला गेले होते. रोखपाल श्री. शिवतेज म्हणाले, "काकू, दिलेला परतावा परत घ्यायला बँकेत तसं खातंच नाही. पाहिजे तर देवळाच्या पेटीत टाका." पेटीत टाकले तर देवाला माझ्या बाजूने साक्षीला उभे केल्यासारखे होईल. सबब रक्कम पाकिटात घालून सोबत जोडली आहे. ती कोणत्या खाती घ्यावी हे आपण ठरवावे.

६. अक्षताची चूकच नाही, असे माझे म्हणणे नाही. गप्प माणसाला तिने होकारात धरायला नको होते. पण तिने विचारले होते, नकाराची वाटही दाखविली होती. "अंधारात ठेवून" हे शब्द खोटे आहेत व ते माझ्या सहीमुळे लिहिले गेले आहेत. तरी माझी तक्रार रद्द करावी, ते शब्द तिच्या नोंदीतून काढावेत व तिला माधवनगरला परत आणावे, ही हात जोडून विनंती.

७. चौकशीसाठी मला समक्ष बोलवावे. जिनेशला बरोबर आणणार नाही. वार, तिथी पाहू नये. चतुर्दशीला बोलावलेत तरी येईन, आणि त्या दिवशी बोलेन.

आपली विनम्र खातेदार,
(सही)
श्रीमती चंदनबाला धनपाल मगदूम
माधवनगर, जि. सांगली
दि. २ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) रु. ३०१, बंद पाकिटात.
२) आपल्या पत्राची झेरॉक्स.
३) मुक्ताबाईंच्या मिरजेच्या दवाखान्याच्या कार्डाची झेरॉक्स (त्यांना विचारून घेतली आहे).