वळण न विसरलेल्या गोगलगायी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, समुद्रातल्या बिनकण्याच्या प्राण्यांच्या उत्क्रांतीची अभ्यासक, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी खात्रीसाठी मला शंभरातून सात-सात वजा करत यायला सांगितले. पासष्टला त्या "पुरे" म्हणाल्या. मी दोनपर्यंत गेले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तरी त्याचा उपयोग झाला नसता, हे मला ओळखणारे सांगतील.

कलम १. गेल्या वर्षी मी तापाने फणफणलेली असताना माझ्या धाकट्या भावाने रुग्णालयात एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे धरला आणि मी सही केली. ते मृत्युपत्र याद्वारे रद्द करत आहे. त्यात 'घरातील निरुपयोगी वस्तूंची विल्हेवाट' असे शब्द होते. या वस्तू म्हणजे मागच्या खोलीतल्या, स्पिरिटने भरलेल्या चारशे बारा बरण्या. माझे आयुष्य त्यांत आहे.

कलम २. भाऊ निवृत्त दंतवैद्य आहे. दवाखाना काढला त्या वर्षी त्याने मला दात कोरण्याच्या बारीक सळ्यांचा एक जुना संच दिला होता. "तुझ्या किड्यांना कवळी लागली तर सांग," असे म्हणाला होता. कवचांवरचा चुना मी त्याच सळ्यांनी कोरला. तो संच, चामड्याच्या पाकिटासह, त्याला परत मिळावा. आईचे कपाटही त्यालाच. सगळ्या नातेवाइकांसमोर त्याने मला वेडी म्हटले, त्याबद्दल मी त्याला माफ केलेले नाही. पण सळ्या उत्तम होत्या, हे लिहून ठेवते.

कलम ३. बरण्यांविषयी जरा सविस्तर लिहावे लागेल.

किनाऱ्यावरच्या खडकांना टोपीसारख्या कवचाच्या गोगलगायी चिकटलेल्या असतात. त्यांच्या पूर्वजांचे कवच गुंडाळलेले होते. पिढ्यानपिढ्या ते वळण सुटत गेले आणि साधी टोपी उरली. ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या सरांनी आपल्या जाडजूड पुस्तकात ठाम लिहिले होते की एकदा सुटलेले वळण उत्क्रांतीत परत येत नाही. अडतीस वर्षांपूर्वी बंदराबाहेरच्या काळ्या खडकाच्या एका कपारीत मला अशा गोगलगायी मिळाल्या, ज्या टोपीवाल्यांच्याच कुळातल्या होत्या आणि मोठेपणी पुन्हा वळलेल्या होत्या.

सरांनी बरणी खिडकीच्या उजेडात धरली. म्हणाले, "चिठ्ठी चुकली आहे. दुसऱ्या बरणीतली यात पडली."

"सर, अशा साठ आहेत."

"मग साठ चुका आहेत."

मी त्यांची परवानगी न घेता लेख छापायला पाठवला. तो छापून आला त्या आठवड्यात माझ्या बरण्या संस्थेच्या जिन्याखाली काढून ठेवलेल्या दिसल्या. सोमवारपर्यंत हलवल्या नाहीत तर मोरीत ओततील, असा निरोप होता. मासळीच्या हातगाडीवरून सात खेपा करून मी त्या घरी आणल्या. त्यानंतर संस्थेने मला ना खोली दिली, ना पद. मी शाळेत जीवशास्त्र शिकवले आणि सुट्टीच्या दिवशी खडकांवर गेले.

एकोणीस वर्षांनी परदेशातल्या दोन प्रयोगशाळांनी जनुके तपासून दाखवले की वळण परत आलेले आहे. त्याच वर्षी सरांचा सत्कार झाला. भाषणात ते म्हणाले, "आमच्या प्रयोगशाळेनं हे फार पूर्वीच ओळखलं होतं." टाळ्या झाल्या. मी मागच्या रांगेतून उठून उभी राहिले आणि विचारले, "साठ चुका, सर?" मला दोघांनी दंडाला धरून बाहेर नेले. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

कलम ४. सर वारले. आता त्यांच्या नावाचे दालन होत आहे. गेल्या महिन्यात संस्थेचे नवे संचालक बुटांसकट माझ्या मागच्या खोलीत आले आणि बरण्या मोजू लागले.

"बाई, या आमच्याकडेच शोभतील. सरांचं नाव मोठं आहे."

"असेल. पण बरणीत गोगलगाय आहे, सर नाहीत."

"तुमचंही नाव कोपऱ्यात घालू."

"कोपऱ्यात मी अडतीस वर्षं काढली. जागा माहितीची आहे, नको."

सबब, एकही बरणी, चिठ्ठी, वही किंवा सूक्ष्मदर्शक त्या संस्थेस मिळू नये. सर्व संग्रह शेजारच्या शहरातल्या निसर्ग संग्रहालयास द्यावा. तिथल्या व्यवस्थापिकेने माझ्या अटी लेखी मान्य केल्या आहेत. दारावर, कपाटावर, बरणीच्या झाकणावरसुद्धा सरांचे नाव येणार नाही. माझी बँकेतली शिल्लक स्पिरिट बदलत राहण्यासाठी त्याच संग्रहालयास.

कलम ५. माझे कपडे, भांडी, रेडिओ ज्याला हवे त्याने न्यावे. भांडू नये, त्या लायकीचे काही नाही.

कलम ६. आता माझ्याविरुद्धचे कलम.

वर मी 'मला मिळाल्या' असे लिहिले आहे. ते खरे नाही. त्या गोगलगायी बुडीने वर आणल्या. बंदरावर तिला सगळे बुडी म्हणतात, कारण नऊ वर्षांची असल्यापासून ती शिंपल्यांसाठी बुडी मारत आली आहे. तीस वर्षे माझ्यासाठी ती खाली गेली. हातगाडीही तिचीच होती आणि सातही खेपांत ढकलायला ती होती. पण एवढ्यावर थांबले तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. वळण परत कसे आले, हेही तिनेच मला सांगितले. होडीत ओले केस पिळत ती म्हणाली होती, "बाई, यांची पिल्लं सगळीच वळलेली असतात. मोठी होताना वळण सोडतात. या कपारीतली सोडत नाहीत, एवढंच." भरती-ओहोटीच्या जुन्या तक्त्यांच्या पाठीवर तिने पिल्लांची चित्रे काढून ठेवली होती, तारखांसकट. माझा सगळा लेख म्हणजे त्या एका वाक्याचा विस्तार आहे.

लेखाच्या तळटीपेत मी लिहिले: 'नमुने गोळा करण्यास मदत करणाऱ्या पाणबुड्याचे आभार.' नाव नाही. आणि पुल्लिंगी.

गेल्या जूनमध्ये मी त्या नियतकालिकाला कळवले की लेखक म्हणून पहिले नाव बुडीचे हवे. इतक्या जुन्या लेखात बदल होत नाहीत, असे उत्तर आले. मी तक्त्यांची छायाचित्रे पाठवली. पुन्हा नकार आला, मी पुन्हा पाठवली. चौथ्या खेपेला ते थकले. गेल्या आठवड्यात दुरुस्ती छापून आली. अंक घेऊन मी बंदरावर गेले. बुडी होडीत बसून दोर सांधत होती. तिने पान दोनदा वाचले.

"अडतीस वर्षं लागली?"

"हो."

"सरांना भ्यायलीस?"

"सरांना नाही. एका शिंपलेवालीचं म्हणणं कोणी खरं मानणार नाही, असं वाटलं."

"आणि तुझं मानलं?"

"नाही."

"मग माझं नाव घातलं असतंस तरी तेवढंच झालं असतं की."

तिने अंक घडी करून बसायच्या फळीखाली ठेवला आणि पुन्हा दोर हातात घेतला.

संग्रहालयातल्या प्रत्येक चिठ्ठीवर आधी तिचे नाव, मग माझे, ही माझी पहिली अट आहे. जो कोणी हा क्रम बदलेल त्याच्याकडून संग्रह काढून घ्यावा.

कलम ७. माझे राहते घर, स्वकष्टार्जित, वर-खाली मिळून चार खोल्या आणि मागचे अंगण, बुडीला ~~कृतज्ञतेपोटी~~ देत आहे. कोणतीही अट नाही. तिने मला माफ केले अथवा न केले, यात राहिली अथवा उद्याच विकले, तरी घर तिचेच. माझ्या भावाला कोर्टात जायचे असेल तर त्याने खुशाल जावे. या मृत्युपत्राची एक प्रत त्याला आजच पाठवत आहे, म्हणजे भांडायला मी हजर असेन.

कलम ८. या सर्वाची अंमलबजावणी शेजारच्या घड्याळजींनी करावी. ते वेळ पाळतात.

खाडाखोडीबद्दल खुलासा: कलम ७ मधील एक शब्द खोडला आहे. सही करण्याआधी हे वाचायला मी आज बुडीला बोलावले होते. ती येईल असे वाटले नव्हते; आली. उभ्यानेच सगळे वाचले आणि त्या शब्दावर बोट ठेवले. म्हणाली, "हा काढ. आभार एकदा मानलेस. तळटीपेत." मी तो शब्द तिच्यादेखत खोडला आणि बाजूला सही केली. घर ती घेणार आहे.

ठिकाण: राहते घर
दिनांक: ९ मार्च, रविवार

(सही) मृत्युपत्र करणारी

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत हिने सही केली, आणि आम्ही हिच्या डोळ्यांदेखत:

साक्षीदार १: (सही) डॉक्टरीणबाई
साक्षीदार २: (सही) घड्याळजी

बुडीला मिळकत मिळत असल्याने कायद्याने तिला साक्षीदार होता येत नाही. तिने सही मागितलीही नाही.